कृषी केंद्रातली नोकरी सोडून जमिनीच्या दलालीत उतरू का? (जि. यवतमाळ)

कळंबचा_पोरगा

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, वाचून सांगा. वय 29, गाव कळंब तालुक्यात. बीए झालं, सहा वर्षांपासून एका कृषी केंद्रात काउंटरवर आहे. पगार 12 हजार. मिरगाच्या टायमाला रात्री दहापर्यंत दुकान अन् बाकीचं वर्ष उधारी वसुलीत जातं. घरी चार एकर कोरडवाहू, कपाशी अन् तूर, बाबाच पाहतात. लग्नाला तीन वर्षं झाली, पोरगी दीड वर्षाची आहे. बायको शिवणकाम करते त्यामुळे घर चालतं पण मागे काही पडत नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे सुरू झाली तेव्हापासून आमच्याकडे जागा विचारणारे वाढले. दुकानात बसल्याबसल्या मी दोन माणसं भेटवून दिली अन् त्यातला एक सौदा झाला. मला मध्यस्थानं 15 हजार हातात ठेवले, म्हणजे माझ्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त. तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. पंचक्रोशीतले सगळे कास्तकार मला नावानं ओळखतात, कोणाचं वावर कुठं, विहीर कोणाची, वाट कुठून, सगळं माहीत आहे.

त्यात एका लेआउटवाल्यांचा माणूस येऊन गेला. म्हणे पाच हजार भर, आमचा असोसिएट हो, एका प्लॉटमागे 20 हजार देतो, दहा प्लॉट विकले की मोटरसायकल.

पण बाबांनी दोन दिवस जेवताना तोंड उघडलं नाही अन् तिसऱ्या दिवशी एवढंच बोलले की लोकाईचे वावरं इकूनच पोट भरायचं होतं तं शिकवलं कायले. ते मनाला लागलं.

म्हणून विचारतो. लायसन लागते का? महिन्याचं खरं उत्पन्न किती धरायचं? अन् खेड्यात राहून हे काम इज्जतीनं करता येते का?

कारंजावाला

भाऊ, मी 14 वर्षांपासून हेच करून राह्यलो, कारंजा लाडच्या आजूबाजूले. खरं खरं सांगतो, तुले वाईट वाटलं तरी.

पहिला 15 हजाराचा सौदा प्रत्येकाले होतेच. मले बी झाला होता. त्याच्यानंतर सात महिने एक रुपया आला नाही. आपल्या इकडं वावराचे सौदे बारा महिने होत नाहीत. कापूस, तूर घरातून निघाली, हातात पैसा आला, का मंग फेब्रुवारीपासून मे पर्यंत धावपळ. पाणी पडायच्या आधी ताबा पाह्यजे असते घेणाऱ्याले. गुढीपाडव्याले मक्ते (वर्षाच्या बोलीनं भाड्यानं देल्या वावराचे करार) बदलतात तेव्हाच कोण वावर सोडून राह्यला, कोण इकून राह्यला हे समजते. जूनपासून दिवाळीपर्यंत तू फक्त चहा पाजत फिरशीन, पेट्रोल स्वतःचं.

हिशोब समजून घे. समज चार एकर, 12 लाख एकरानं ठरलं, झाले 48 लाख. दोन्हीकडून एक-एक टक्का म्हटलं तरी 96 हजार. ऐकायले लय वाटते. पण इकणाऱ्याकडचा एक, घेणाऱ्याकडचा एक, मधात गावातला एक ज्यानं "वावर आहे" म्हणून पहिला फोन केला तो, अन् चौथा तू. आले 24 हजार, अन् ते बी खरेदी झाल्यावर. खरेदीच्या दिवशी इकणारा म्हणते घेणाऱ्याकडून घ्या, घेणारा म्हणते तुमचं त्याच्याकडं. मी आता इसाराच्या (सौदा पक्का कराले देल्या आगाऊ पैशाच्या) दिवशीच दोन ओळी लिहून घेतो, कोण किती देईन, कधी देईन. आधी तोंडी चालायचं, त्याच्यात माझे बरेच पैसे बुडाले.

समृद्धी महामार्गाच्या टायमाले सगळे दलाल झाले होते, पानठेलेवाला बी अन् मास्तर बी. ज्याईची जमीन रस्त्यात गेली त्याईच्या हातात पैसा होता, त्याईले दुसरीकडं वावर पाह्यजे होतं, म्हणून दोन-अडीच वर्षं धंदा तुफान झाला. 2022 च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी रस्ता सुरू झाला तवरोक भाव इतका चढून बसला होता का इकणारा खाली येईना अन् घेणारा वर जाईना. त्या गर्दीतले आता आमच्याकडं तीन-चार जणच टिकले. तुह्याकडं रेल्वे आली, तसंच होईन. स्टेशनजवळ दोन वर्षं पळापळ, मंग शांत. घर त्या दोन वर्षाच्या हिशोबावर चालवू नको.

माझं म्हणणं, नोकरी सोडू नको. दुकान करत करत दोन हंगाम पाहा. आठ-दहा महिन्याचा किराणा घरात भरता येईन एवढा पैसा बाजूले जमला का मंग विचार कर.

दस्तवाली_ताई

मी अकरा वर्षं दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर दस्त टाइप करते, यवतमाळ जिल्ह्यातच. दादा, तुला गावातले सगळे लोक माहीत आहेत हे चांगलं आहे, पण कागद माहीत आहेत का? माझ्यासमोर जे सौदे मोडतात ते भावावरून फार कमी मोडतात, कागदावरून मोडतात, अन् तोपर्यंत इसाराचे पैसे खर्चून गेलेले असतात, मग शिव्या मध्यस्थाला.

सातबारा घेतला की आधी भोगवटादार वर्ग पाहायचा, म्हणजे जमीन कोणत्या हक्कानं धरलेली आहे ते. वर्ग 1 असेल तर पुढे बोल. वर्ग 2 असेल तर थांब, परवानगीशिवाय विक्री होत नाही. आपल्या भागात भूदानाच्या जमिनी भरपूर आहेत, विनोबांच्या चळवळीत मिळालेल्या. आजोबाला मिळाली, नातू कसतो, सगळ्या गावाला वाटते त्याचीच आहे, तो पण मनापासून तेच सांगतो. पण ती जमीन कसायला दिलेली आहे, आपल्या मर्जीनं बाजारात विकायला नाही. एका मुलानं असा सौदा आणला होता, घेणाऱ्यानं बैलजोडी विकून इसार दिलेला. मी दस्त करायला नाही म्हटलं तर तो माझ्यावरच चिडला.

दुसरं, खातेदार आदिवासी आहे का. केळापूर, मारेगाव, घाटंजीकडे हे रोजच येते. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला द्यायची तर महसूल संहितेचं कलम 36 अन् 36अ लागते, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय होत नाही. शंभर रुपयांच्या स्टँपवर लिहून ताबा घेणारे आहेत, त्यात मध्यस्थ म्हणून तुझी सही नको.

तिसरं, घेणारा शेतकरी आहे का. विदर्भाला कुळवहिवाटीचा वेगळा कायदा आहे, 1958 चा, त्याच्या कलम 89 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही. नागपूरचा नोकरीवाला येतो, फार्महाऊस पाहिजे म्हणतो, त्याला पहिल्याच दिवशी विचार, तुमच्या नावानं सातबारा कुठला आहे का.

चौथं तुकड्याचं. 2023 पासून आपल्याकडे जिरायत 20 गुंठे अन् बागायत 10 गुंठे हे प्रमाण आहे, त्याहून लहान शेतीचा तुकडा पाडून विकायला तुकडेबंदी आडवी येते. 2025 मध्ये रहिवासी भागासाठी सरकारनं सवलत जाहीर केली, तेव्हापासून रोज कोणीतरी येते की ताई आता दोन गुंठे पण होते. सरसकट नाही होत. ती जागा कोणत्या भागात मोडते ते कागदावर पाहावं लागते.

अन् सगळ्यात जास्त अडते ते बहिणींवर. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढाच हक्क आहे. भाऊ म्हणतात बहिणीचं काही म्हणणं नाही. मग बहिणीला घेऊन या अन् हक्कसोडपत्र करा म्हटलं की तोंड उतरते. बहीण वर्धेला दिलेली, तिला सौदा माहीतच नसतो. मी पाहिलं आहे, खरेदीच्या दिवशी बहीण रडत दारात उभी. तिच्याशी आधी बोलणं हे मध्यस्थाचंच काम आहे असं मला वाटते, भाऊ बोलणार नाहीत.

जुने फेरफार (मालकी कशी बदलत गेली त्याच्या नोंदी), 1954-55 चा अधिकार अभिलेख, पांदण म्हणजे शेतरस्ता असेल तर निस्तार पत्रकात (गावाच्या सामायिक हक्कांच्या नोंदीत) तिची नोंद, हे काढायला शिक. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मोबाईलवर निघतो, तेवढा खर्च प्रत्येक सौद्याला कर.

कळंबचा_पोरगा

ताई, एवढं कोणीच सांगितलं नव्हतं. मी ज्या सौद्यात 15 हजार घेतले त्यात मी सातबारा पाहिलाच नव्हता, माणूस ओळखीचा म्हणून मान हलवली. आता भीती वाटून राहिली. लेआउटवाल्यांचं कोणी सांगा ना, ते पाच हजार भरू का?

वर्धा_रेरा

नको भरू. मी वर्ध्यात रजिस्टर्ड एजंट आहे म्हणून नियमाचं सांगतो.

शेतजमीन, जुनं घर, कोणाचा जुना प्लॉट परत विकणं, यात मध्यस्थी करायला रेराचं (घरं-प्लॉटच्या प्रोजेक्टवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचं) रजिस्ट्रेशन लागत नाही. पण लेआउटचे नवे प्लॉट विकायचे तर लागते. 500 चौरस मीटरच्या वरचा लेआउट असेल तर आधी लेआउटवाल्यानं महारेराकडे, म्हणजे त्या कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणाकडे, प्रोजेक्ट नोंदवायचा, त्याच्याआधी जाहिरात पण करता येत नाही, अन् ते प्लॉट विकणाऱ्या एजंटकडे स्वतःचा नंबर पाहिजे. एकट्या माणसाची फी 10 हजार, पाच वर्षं चालते. 2023 मध्ये महारेरानं एजंटला ट्रेनिंग अन् परीक्षा सक्तीची केली, पास झाल्याशिवाय नंबर मिळत नाही. परीक्षा अवघड नाही, बारावीवाले पण देतात, तू बीए आहेस, मन लावून वाचलं तर निघेल. विनानंबर प्लॉट विकत बसलास तर दंड दिवसाला 10 हजारानं मोजतात, त्या प्लॉटच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत.

म्हणून त्या माणसाला दोन गोष्टी विचार. प्रोजेक्टचा रेरा नंबर काय, अन् जाहिरातीवर क्यूआर कोड कुठे आहे (ऑगस्ट 2023 पासून तो छापणं बंधनकारक आहे, स्कॅन केला की प्रोजेक्टची माहिती उघडते). नंबर नसेल अन् तो तुझ्याकडूनच पाच हजार मागत असेल तर त्याचा धंदा प्लॉटचा नाही, तुझ्यासारख्या पोरांचे पाच-पाच हजार गोळा करण्याचा आहे.

कारंजावाल्या भाऊंशी एका गोष्टीत माझं पटत नाही. दुकान करत करत हे काम होते असं मला वाटत नाही. गिऱ्हाईक मंगळवारी दुपारी दोनला येते, तेव्हा तू काउंटरवर असशील तर तो दुसऱ्याच्या गाडीवर बसून जागा पाहायला जातो. मी दोन वर्षं दोन्ही करून पाहिलं, दोन्हीकडे बोलणी खाल्ली. करायचं तर पूर्ण करावं, पण आधी पैसा जमवून अन् परीक्षा देऊन.

इसार शक्यतो बँकेतून द्यायला लाव. जागेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोख घेतली तर आयकरवाले तेवढाच दंड लावू शकतात, अन् उद्या सौदा मोडला तर बँकेची नोंद हाच पुरावा. अन् वर्धा, नागपूर, चंद्रपूरकडे हात मारशील तर झुडपी जंगलाची नोंद नीट पाहत जा. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती जमीन वनच आहे असं सांगितलं. मोकळी, झुडपं असलेली, स्वस्त जमीन कोणी दाखवली की मी आधी तेच तपासतो.

प्लॉटवाली_पुलगाव

मी घेणाऱ्याच्या बाजूनं लिहिते. आम्ही नवराबायकोनं 2016 मध्ये एका लेआउटमध्ये प्लॉट घेतला, आमच्याच नात्यातल्या मुलानं दाखवला होता. खुंट्या रोवलेल्या, मुरूम टाकलेला, गेटवर नारळाची झाडं. एनए (बिगरशेती) झालेलं नव्हतं, होणार आहे म्हणाले. अजून झालं नाही. घर बांधता येत नाही, बँक कर्ज देत नाही, विकायला काढला तर घेणारे कागद पाहून परत जातात. माझ्या आईचे सोन्याचे गोठ मोडून पैसे भरले होते.

तो मुलगा वाईट नव्हता. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं, लेआउटवाल्यानं जे सांगितलं ते त्यानं आम्हाला सांगितलं. पण लेआउटवाल्याचं तोंड आम्ही एकदाच पाहिलं, याचं दर लग्नात पाहतो. आता तो आम्ही दिसलो की पंगत बदलतो. दादा, तू विकशील ते तुझ्याच माणसांना विकशील, दुसरं गिऱ्हाईक खेड्यात आहे कुठं. म्हणून जे तुला स्वतःला समजलं नाही ते दाखवू नको एवढंच हात जोडून सांगते.

घाटंजीचा_कास्तकार

वय 61. लिहायची सवय नाही, नातवाकडून टाइप करून घेऊन राह्यलो.

पोरा, तू कृषी केंद्रात बसते. कोणाची उधारी थकली हे तुह्या वहीत लिहून आहे. कोणाचं सोयाबीन गेलं, कोणाच्या घरी लगन आहे, कोण दवाखान्यात आहे, तुले सगळं माहीत. तुह्या बापाले नेमकी याचीच भीती वाटत असन. उधारी थकलेल्याच्या दारात घेणारा घेऊन गेला तं तो नाही म्हणूच शकत नाही. माह्या लहान भावाचं दोन एकर असंच गेलं. मध्यस्थ रोज येऊन बसे, भाऊ टेन्शन घेऊ नका, मोकळे व्हा. भाव बाजारापेक्षा कमी लावला, घाई होती म्हणून भावानं दिलं. दोन एकर गेलं, कर्ज तं थोडं उरलंच. मंग तो दुसऱ्याच्या वावरात मजुरीले गेला, ज्या धुऱ्यावर आपण उभे राहून हाका मारत होतो त्याच धुऱ्यावरून.

अजून एक. काही खरेद्या खरेद्या नसतात, सावकारी असते. पैसे देते व्याजानं अन् तारण म्हणून वावराची खरेदी करून घेते, म्हणते पैसे दे अन् वावर परत ने. मंग परत देत नाही. 2014 चा सावकारी कायदा आहे, त्याच्यात असं सिद्ध झालं तं जमीन परत मिळते, जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करा लागते. पण लोक भितात. इकणाऱ्याले एकांतात इचारत जाय, बावा हे खरंच इकून राह्यला का गहाण ठेवून राह्यला. गहाण म्हणला का त्याले हा रस्ता सांग अन् सौद्यातून उठ.

म्हाताऱ्या माणसाचं वावर चांगल्या भावानं इकून द्याचं, पोरं पुण्याले अन् कसाले कोणी नाही, त्यात पुण्यच आहे. माह्या शेजाऱ्याचं एका मध्यस्थानं तसं इकून देलं, मोजणीले स्वतः उभा राह्यला, बुढ्याले बँकेत घेऊन गेला, पैसे खात्यात जमा झालेले दाखवले तवा घरी आणून सोडलं. गावात त्याले कोणी दलाल म्हणत नाही, नावानं हाक मारतात.

कळंबचा_पोरगा

काका, तुमचं बाबांना वाचून दाखवलं. भाऊचं आलं तिथं ते उठून ओसरीत जाऊन बसले, पण नंतर मला जवळ बोलावलं. त्यांच्या काकाचं वावर असंच गेलं होतं हे मला आज कळलं, इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते.

थकलेल्या उधारीवाल्याच्या दारात सौदा घेऊन जाणार नाही, हे बाबांना शब्द दिला. लेआउटवाल्याला रेरा नंबर विचारला, म्हणे प्रोसेसमध्ये आहे, मग मी पण नंतर बोलू म्हटलं.

कारंजावाले भाऊ, नोकरी निदान हा खरीप अन् पुढचा तूर-कापसाचा हंगाम होईस्तोवर सोडत नाही. तोपर्यंत रेराची परीक्षा देतो. ताई, एक विचारायचं होतं, कागद शिकायची सुरुवात कुठून करू?

दस्तवाली_ताई

स्वतःच्या घरापासून कर. तुमच्या चार एकराचा सातबारा, 8अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) अन् तुझ्या आजोबांपासूनचे सगळे फेरफार काढ, पटवाऱ्याकडे नाही सापडले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज टाक. एकेक फेरफार सातबाऱ्याच्या नोंदीशी जुळवून पाहा. कुठं अटकलास तर एखाद्या गुरुवारी दुपारी ये, गर्दी कमी असते.

कळंबचा_पोरगा

ताई, काढला. सातबाऱ्यावर बाबांसोबत दोन आत्यांची नावं अजून आहेत, आजोबा 2003 मध्ये वारले तेव्हापासून. थोरली आत्या राळेगावला असते, धाकटी वणीला. बाबा म्हणतात त्यांनी कधी काही मागितलं नाही. मी म्हटलं आपणही कधी विचारलं नाही. रविवारी दोघींकडे जाऊन येतो, बाबा पण येतो म्हणाले. तिथून आल्यावर गुरुवारी तुमच्याकडे येतो.